गुलाम बाळगणाऱ्या अमेरिकी घराण्याची वंशावळ काढताय? या चुका टाळा

नातीच्या बारशाला व्हर्जिनियाला गेले तेव्हा पिशवीत आमच्या घराची वंशावळ होती. हेळव्यानं सांगितलेली, वडिलांनी वहीत उतरवून घेतलेली. विहीणबाईंनी ती वही बराच वेळ हातात धरली आणि म्हणाल्या, आमच्याकडचीही कुणीतरी काढायला हवी. मग जरा आवाज खाली घेऊन, "आमच्या घरात गुलाम होते एवढं ऐकून आहे. किती, कोण, काही ठाऊक नाही."

मी हिशेबतपासणीत आयुष्य काढलेली बाई. जुने कागद म्हटले की हुरूप येतो. घेतलं काम अंगावर. पहिलं वर्ष सपशेल वाया गेलं, कारण एकाच नावाच्या दोन माणसांपैकी भलत्यालाच मी जावयाचा पूर्वज करून बसले होते. आता अमेरिकेतल्या मराठी घरांत तिकडच्या सुना-जावई बरेच आहेत. आज ना उद्या कुणीतरी असंच एखादं बाड उघडून बसेल, त्याच्यासाठी हे लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. प्रोबेटचे, म्हणजे मेलेल्याच्या इस्टेटीचा कोर्टात निकाल लावतानाचे, कागद कुणी घराण्याची हकिकत सांगायला लिहिलेले नसतात. मेलेल्या माणसाचं देणं-घेणं मिटवायला लिहिलेले असतात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हे विसरल्यानं होतात.

मृत्युपत्र वाचलं आणि थांबलात

मृत्युपत्र हा बाडातला एक कागद. माणसाची इच्छा त्यात कळते, प्रत्यक्षात काय झालं ते कळत नाही. त्याच्यामागे कारभाऱ्याचं जामीनपत्र असतं, चीजवस्तूंची किमतीसह यादी म्हणजे इन्व्हेंटरी असते, लिलावाचा हिशेब, दर वर्षाचा जमाखर्च, अज्ञान मुलांच्या पालकाचे हिशेब, विधवेचा हिस्सा तोडून दिल्याचा हुकूम, आणि नशीब असेल तर शेवटी वाटणीपत्र. ही कामं कधीकधी पंधरा-वीस वर्षं चालत. म्हणून मृत्यूच्या सालापुढची निदान वीस वर्षं चाळा.

मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे मूल नाही, असंही धरू नका. व्हर्जिनियात वडिलोपार्जित जमीन थोरल्या मुलाकडे आपोआप जाण्याचा इंग्रजी नियम १७८५च्या कायद्यानं रद्द झाला, तोही १७८७पासून. त्याआधी थोरल्याचं नाव लिहायची गरजच नव्हती. लग्नात हिस्सा मिळालेल्या मुलीचंही तसंच. एखाद्याला फक्त एक शिलिंग लिहून ठेवलेला दिसला की आपल्याला वाटतं, बापलेकांचं वाकडं होतं. पुष्कळदा अर्थ एवढाच असतो की त्याचा वाटा आधीच देऊन झालाय, पुढे कोर्टात येऊ नये.

आणि मृत्युपत्रच नसेल तर? हात टेकू नका. जॉर्ज वॉशिंग्टनची बायको मार्था, तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ साली मृत्युपत्र न करता गेला. व्हर्जिनियातल्या गडगंज माणसांपैकी एक. उलट अशाच वेळी कोर्टाला जास्त कागद करावे लागतात. मृत्युपत्रांच्या सूचीत नाव मिळालं नाही तर कोर्टानं नेमलेल्या कारभाऱ्यांच्या नोंदी आणि कोर्टाच्या हुकमांची पुस्तकं पाहा.

माझी खोड सांगते. मी आता वारसांच्या आधी जामीनदार बघते. मोठ्या रकमेचा जामीन परका माणूस राहत नाही. विधवेच्या जामिनाला तिचे भाऊ किंवा वडील उभे राहिलेले असतात, आणि तिचं माहेरचं आडनाव दुसरीकडे कुठेही मिळत नसताना तिथे मिळतं.

शब्दांना आजचा अर्थ लावलात

माझं वर्ष खाल्लं ते 'ज्युनियर' या शब्दानं. मी तो मुलगा धरला. तेव्हा सीनियर आणि ज्युनियर हे त्या भागातल्या एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळं ओळखण्यासाठी लिहीत. ते काका-पुतणे असतील, नात्याचे नसतीलही. वर गंमत अशी की थोरला मेला की काल­पर्यंतचा ज्युनियर उद्यापासून सीनियर होतो. माझे ते काका-पुतणे निघाले. इंटरनेटवरच्या दहा-बारा तयार वंशावळींत त्यांना बापलेक दाखवलं होतं, कारण सगळ्यांनी एकाचीच नक्कल मारली होती.

'ऑर्फन' म्हणजे बाप नसलेलं मूल. आई घरात धडधाकट असली तरीही. 'इन्फंट' म्हणजे एकवीस वर्षांखालचा कुणीही, मग त्याला मिसरूड फुटलेलं का असेना. 'सन-इन-लॉ' हा जावई असू शकतो, तसाच सावत्र मुलगाही. 'कझिन'मध्ये भाचे-पुतणेही बसतात. 'माझी आत्ताची बायको' असं लिहिलं म्हणजे पहिली होतीच असं नाही. वकिली काळजीपोटीही ते लिहीत. 'जेएनओ' हे लघुरूप जॉनचं, जोनाथनचं नव्हे. आणि 'सर्व्हंट' हा शब्द आला की लगेच पगारी नोकर समजू नका. सतराव्या शतकात तो करारानं बांधलेला गोरा मजूर असू शकतो, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मृत्युपत्रात बहुधा गुलामासाठी वापरलेला सभ्य शब्द.

'इंडियन' वाचून आपले कान टवकारतात. तिथे तो जवळजवळ नेहमी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी असतो. पण 'ईस्ट इंडियन' लिहिलं असेल तर तो खरंच आपल्या बाजूचा असू शकतो. १६३५ साली जॉर्ज मेनिफी नावाच्या व्हर्जिनियातल्या व्यापाऱ्यानं ज्या माणसांना आणल्याबद्दल जमीन मागितली, त्यांत टोनी नावाचा एक ईस्ट इंडियन आहे. त्याचं मूळ नाव आणि गाव कागदात नाही.

तारखा

यात फार वेळ घालवत नाही. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे मृत्युपत्र नोव्हेंबर १७४०चं आणि ते कोर्टात शाबीत झालं फेब्रुवारी १७४०मध्ये, असं दिसलं तर कारकून झोपेत नव्हता. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबानं १७४१चा. जानेवारी ते मार्चच्या तारखा १७४०/४१ अशा जोडीनं उतरवा. मृत्यूची तारीख बहुधा मिळतच नाही. मृत्युपत्र केल्याची आणि शाबीत झाल्याची अशा दोन तारखा मिळतात, माणूस त्यांच्या मधे कधीतरी गेलेला असतो.

चुकीच्या कचेरीत शोधत बसलात

कुटुंब हललं नसलं तरी काउंटीची हद्द हलते. अल्बमार्ल काउंटी १७४४ साली गूचलँडमधून निघाली. तिथल्या माणसाचे त्याआधीचे कागद गूचलँडमध्ये. केंटकी १७९२पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता, वेस्ट व्हर्जिनिया १८६३पर्यंत. आपल्याकडे तालुका फुटल्यावर जुना फेरफार मूळ तालुक्याला शोधायला जातो, तसंच हे. दुसरीकडे, काही वसाहतींत सगळा कारभार एका गावातून चाले. मेरीलँडचे प्रोबेट अमेरिकी क्रांतीपर्यंत अॅनापोलिसला, साउथ कॅरोलायनाचे चार्ल्स्टनला. तिथे काउंटीत शोधून डोकं फोडण्यात अर्थ नाही.

दप्तर जळालेलं असेल तर वेगळी अडचण. यादवी युद्धात व्हर्जिनियातल्या काही काउंट्यांनी जुनी पुस्तकं सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५मध्ये रिचमंडच पेटलं. काही कारकुनांनी पुस्तकं हलवलीच नाहीत, त्यांची वाचली. हॅनोव्हरसारख्या जळक्या काउंटीत पूर्वज असेल तर शेजारच्या काउंट्या बघा, कारण बऱ्या स्थितीतल्या माणसाची जमीन दोन-तीन ठिकाणी असे. व्हर्जिनियात १७८२पासून जंगम मालमत्तेच्या कराच्या याद्या आहेत. पहिल्या काही वर्षांत काही ठिकाणी त्यांत गुलामांची नावंसुद्धा आहेत. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाची चॅन्सरी दाव्यांची, म्हणजे न्यायबुद्धीनं निवाडा करणाऱ्या कोर्टातल्या दाव्यांची, सूची मात्र माझी लाडकी. वाटणीवरून भांडण कोर्टात गेलं की झाडून सगळ्या वारसांना पक्षकार करावं लागे. त्यामुळे कोण कुणाचं कोण हे दाव्यात सविस्तर येतं. भाऊबंदकीचे उपकार!

घराणं न्यूयॉर्कचं किंवा कनेक्टिकटचं असलं तरी इन्व्हेंटरी याच नजरेनं वाचा. १७९०च्या पहिल्या जनगणनेत एकट्या न्यूयॉर्क राज्यात एकवीस हजारांहून जास्त गुलाम होते. तिथे गुलामी पूर्ण संपली ती १८२७ला.

यादीत आहे म्हणजे त्याच्या मालकीचं, असं धरलंत

सात-बारा वाचणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागू नये. मालक वेगळा, कब्जेदार वेगळा.

उदाहरण घ्या जॉर्ज वॉशिंग्टनचं. १७९९च्या उन्हाळ्यात, मृत्युपत्र करताना, त्यानं माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावरच्या गुलामांची स्वतःच यादी केली. एकूण ३१७. त्यांतले त्याच्या मालकीचे १२३. १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिसच्या, इस्टेटीतले विधवेच्या हिश्शाचे. उरलेले बहुतेक शेजारणीकडून भाड्यानं घेतलेले. विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळे. तिच्यामागे तो पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. म्हणून वॉशिंग्टननं मृत्युपत्रात स्वतःच्या लोकांना मुक्त केलं, तरी त्या १५३ जणांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. मार्थानं १ जानेवारी १८०१पासून वॉशिंग्टनच्या लोकांना मोकळं केलं. ती १८०२ला गेल्यावर कस्टिसकडचे लोक तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांत लग्नं झालेली होती. नवरा मोकळा आणि बायको-मुलं वाटणीत, अशी घरं फुटली.

आता हीच यादी तुम्ही फक्त 'वॉशिंग्टनचे गुलाम ३१७' अशी उतरवलीत, तर निम्म्या लोकांचा माग भलत्याच घराण्यात शोधाल. तेव्हा प्रत्येक नावापुढे विचारा: हा माणूस इथे कुणाच्या हक्कानं आला? विकत, वारशानं, बायकोच्या माहेरहून, की वर्षाच्या भाड्यानं? भाड्याचे करार सहसा १ जानेवारीपासून वर्षभराचे असत. अज्ञान वारसांच्या इस्टेटीत पालक दर वर्षी लोकांना भाड्यानं देई आणि हिशेबात नाव, घेणारा आणि रक्कम लिही.

किमतींचंही असंच. इन्व्हेंटरीतला पौंड हा लंडनचा पौंड नव्हे. स्पॅनिश डॉलर व्हर्जिनियात सहा शिलिंगांचा, पेन्सिल्व्हेनियात साडेसातचा, न्यूयॉर्कात आठचा. दोन वसाहतींतल्या रकमा शेजारी ठेवून कोण श्रीमंत ते ठरवू नका. आणि क्रांतीच्या काळात कागदी पैसा कोसळला होता, त्या वर्षांतले हजारांचे आकडे बघून दिपू नका.

गुलामांची नावं वगळलीत

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, आणि सगळ्यांत जास्त लोक हीच करतात. घराण्याच्या पोस्टर­वर टांगायच्या वंशावळीत गुलामांच्या यादीला जागा नसते. कुणी संकोचानं पान उलटतं, कुणी 'सतरा गुलाम' एवढं टिपतं आणि पुढे चांदीच्या चमच्यांकडे जातं. मीही सुरुवातीला आकडाच लिहिला होता. हिशेबतपासनीस म्हणवून घेत होते आणि खात्यातली मुख्य नोंद सोडत होते.

मालकांच्या घरातल्या मुली लग्न होऊन आडनाव बदलतात आणि कागदातून गायब होतात. पण त्यांच्याबरोबर गुलाम बाया-मुलं दिलेली असतात, आणि ती नावानिशी दिलेली असतात. आजोबांच्या दानपत्रात एक बाई, बापाच्या इन्व्हेंटरीत तीच दोन मुलांसह, आणि वेगळ्याच आडनावाच्या माणसाच्या वाटणीपत्रात ती, तिची मुलं नि एक नात. हा धागा धरला की मालकांच्या तीन पिढ्या आणि दोन आडनावं एका दोऱ्यात येतात.

एलिझाबेथ हेमिंग्जचं बघा. जन्म सुमारे १७३५. ती एप्स घराण्याच्या मालकीची होती. १७४६ साली मार्था एप्सचं जॉन वेल्सशी लग्न ठरलं तेव्हा विवाहाच्या करारानं ती वेल्सकडे आली. वेल्स १७७३ला मेला, आणि त्याची मुलगी थॉमस जेफरसनला दिलेली असल्यामुळे १७७४च्या वाटणीत एलिझाबेथ आणि तिची मुलं जेफरसनच्या वाट्याला आली. एप्स, वेल्स, जेफरसन ही तीन घराणी बायकांच्या बाजूनं कशी जोडली गेली, ते एका गुलाम बाईचं नाव धरून कळतं.

दोन कायदे इथे माहीत हवेत. १६६२पासून व्हर्जिनियात मूल आईच्या स्थितीवर जाई: आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणून यादीत आई-मुलं एकत्र, एकाच किमतीतसुद्धा असतात आणि बाप बहुधा नसतो. तो शेजारच्या मळ्यावर असेल, किंवा मालकाच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला असेल. दुसरा, १७०५चा. त्यानं गुलाम वारशापुरते स्थावर ठरवले; मृत्युपत्र नसेल तर ते थोरल्या मुलाकडे जात आणि त्यानं भावंडांना त्यांच्या वाट्याची किंमत द्यायची. १७९२च्या कायद्यानं ते पुन्हा जंगम ठरले. त्यामुळे १७४०च्या धाकट्या मुलाकडे वडिलांचे गुलाम का दिसत नाहीत, याचं उत्तर कौटुंबिक भांडणात शोधू नका.

जोडणी करताना मात्र घाई नको. एका नावावरून काही ठरत नाही. ठराविक नावं सगळीकडे होती. आई, तिची मुलं, त्यांचा क्रम, एखाद्याचा सुतारकीसारखा धंदा, असा झुबका जुळला पाहिजे. वयं अंदाजानं लिहिलेली असतात. आडनावं यादीत सहसा नसतातच, आणि मुक्त झाल्यावर घेतलेलं आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल असं नाही. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या जनगणना-तक्त्यांवर भिस्त ठेवू नका. तिथे मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग आहे. बहुतेक मुक्त झालेल्या लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७०ला. त्याच्या मागे जायचं तर वाट मालकाच्या प्रोबेटमधूनच जाते. म्हणजे तुम्ही वगळलेलं पान ही कुणाच्या तरी वंशावळीची एकमेव पायरी असू शकते.

डीएनए चाचणीनं सगळं सुटेल असंही नाही. एलिझाबेथची मुलगी सॅली हेमिंग्ज, हिच्या मुलांचा बाप जेफरसनच का, असा प्रश्न होता. १९९८च्या चाचणीत सॅलीच्या धाकट्या मुलाच्या पुरुषवंशाचा वाय गुणसूत्राचा नमुना जेफरसन घराण्याशी जुळला. घराण्यातला नेमका कोण, ते चाचणी सांगू शकत नव्हती. जेफरसन माँटिसेलो या आपल्या मळ्यावर कधी होता आणि मुलं कधी झाली, हे कागदांशी ताडून पाहावं लागलं.

अक्षर लागत नसेल तर फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर २०२४पासून हस्तलिखितांत शब्दानं शोध घेता येतो. मालकाच्या नावाबरोबर यादीतलं एखादं विरळ नाव टाकून बघा. यंत्र जुना लांब एस एफ समजून वाचतं, तेव्हा चुकीची स्पेलिंगंही टाका. मिळालेलं मात्र मूळ प्रतिमेवरच ताडा. आणि विल बुकातली, म्हणजे कोर्टाच्या मृत्युपत्रांच्या नोंदवहीतली, प्रत ही कारकुनानं केलेली नक्कल असते, हेही लक्षात असू द्या. सुटा मूळ कागद उरला असेल तर तो मागवा.

विहीणबाईंच्या झाडात आता प्रत्येक मालकाच्या नोंदीखाली यादीतली सगळी नावं आहेत, किमतीसह, पुस्तक आणि पान क्रमांकासह. गेल्या हिवाळ्यात त्यावरून एका निवृत्त शिक्षिकेचा निरोप आला. १८७०पासून मागे येत त्या आमच्या १८१४च्या वाटणीपत्रापाशी पोचल्या होत्या. पहिल्याच पत्रात त्यांनी माझी चूक काढली. मी ज्या दोन नोंदी एकाच बाईच्या समजले होते, त्या दोघी होत्या: आजी आणि तिचंच नाव ठेवलेली नात. आजीपुढे किमतीच्या रकान्यात शून्य होतं, आणि ते शून्य मी कारकुनाची गाळलेली रक्कम समजून सोडून दिलं होतं. म्हातारी झालेली, काम होत नाही, म्हणून तिची किंमत शून्य. आता आम्ही दोघी मिळून शेजारच्या काउंटीतले भाड्याचे हिशेब वाचतोय. त्यांना अक्षर माझ्यापेक्षा लवकर लागतं, बेरजा मी करते.